सतराचा आटा

कोर्पिवारा गावात अकरा रायफली होत्या, आणि अकराही नळ्यांच्या तोंडावरचे, सायलेन्सर फिरवून बसवायचे आटे आर्मासने आपल्या हाताने पाडले होते. सतरा मिलिमीटरचे, बारीक, एकसारखे. बाहेरच्या जगात कुणी चौदाचे पाडतं, कुणी पंधराचे, कुणी अठराचे, आणि काही शहाणे इंचात मोजतात. त्यामुळे एकाचा सायलेन्सर दुसऱ्याच्या रायफलीवर बसेल याचा भरवसा नाही. कोर्पिवारात ही कटकटच नव्हती. इथला कुठलाही सायलेन्सर इथल्या कुठल्याही रायफलीवर चार फेऱ्यांत घट्ट बसायचा. आर्मासला या गोष्टीचा केवढा तोरा! मुलगा डॉक्टर झाला असता तरी माणूस एवढा मिरवला नसता. पण त्याला मूल नव्हतं, बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मिरवायला हे आटेच तेवढे शिल्लक होते.

आटे आणि म्होरकेपण. बावीस वर्षं तो गावच्या मूसशिकारीचा, उत्तरेकडच्या जंगलातल्या त्या धिप्पाड हरणांच्या शिकारीचा, म्होरक्या होता. कोण कुठल्या ठिय्यावर बसणार, हाका कुठून सुरू होणार, नर मारायचा की पाडस, आणि वॉकीटॉकीवर कुणाची सगळ्यांदेखत खरडपट्टी निघणार, हे तो ठरवायचा. वर्षातले आठ-दहा आठवडे सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघायचं. उरलेले आठवडे तो त्या आठवड्यांची वाट बघत काढायचा.

म्होरक्याचा एक मान असा होता की सायलेन्सर त्याच्या हातून घ्यायचे. शिकार संपली की प्रत्येक जण आपला सायलेन्सर काढून शिकारघरातल्या शेगडीवरच्या फळीवर उभा करायचा, कारण नळीवर तसाच ठेवला तर आतल्या दमटपणाने नळीचं तोंड गंजतं. रायफली घरी कुलपात जायच्या. सायलेन्सरला कागदपत्र लागत नाहीत, ते फळीवरच वाळत राहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्मास फळीला पाठ लावून उभा राहायचा, माणसं रांगेने यायची, आणि तो मागे हात घालून ज्याचा त्याचा सायलेन्सर काढून हातात ठेवायचा. न बघता! बघा, म्हणायचे लोक, म्हातारा पाठीनेही ओळखतो. स्वतःचा स्वतः उचलणं म्हणजे म्होरक्याचा अपमान होता.

आता खरं सांगायचं तर म्हातारा न बघता द्यायचा, कारण त्याला बघून काही कळलंच नसतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्याच्या ऐन मधोमध एक करडा डाग बसला आणि तिथून हलेना. डाव्यावर पडदा चढत होता. कायानी शहरातल्या डॉक्टरने तपासलं, बोटं दाखवली, किती आहेत विचारलं, आणि मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात सांगितलं की आजपासून गाडी नाही आणि रायफल तर नाहीच नाही. त्या अर्थाचं पत्रही पोस्टाने आलं. आर्मासने ते सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत घातलं आणि त्यावर पाणी तापवून अंघोळ केली.

मग त्याने बंदोबस्त केला. एका दुपारी शिकारघरात एकटा बसून त्याने प्रत्येक सायलेन्सरच्या मागच्या कड्यावर कानशीने खाचा पाडल्या. गावात तीन जातींच्या रायफली होत्या: पातळ गोळीच्या दोन, मधल्या गोळीच्या आठ, आणि ताइस्तोची एक, त्याच्या बापाची, जाड गोळीची. पातळला एक खाच, मधल्याला दोन, जाडला तीन. शिवाय प्रत्येकाच्या नळकांड्याची लांबी, पोचे, खरवडे त्याच्या अंगठ्याला पाठ होते. खाचा कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. आल्या असत्या तरी आर्मासच्या वस्तूवर आर्मासची खूण, त्यात विचारायचं काय. लेथचा पट्टा तुटलाय असं सांगून त्याने नवी कामं घेणं बंद केलं. गाडी विकली, म्हणाला पेट्रोल परवडत नाही. शिकारीत त्याने स्वतःसाठी रस्त्याच्या वळणावरचा ठिय्या घेतला, जिथे दहा वर्षांत मूस फिरकला नव्हता. चांगल्या जागा दुसऱ्यांना देतो म्हणून त्याचं कौतुकच झालं.

हे बाहेर फुटलं असतं तर? त्याला कुणी हाकललं नसतं. कॉफी दिली असती, शेगडीजवळची खुर्ची दिली असती, 'आमचा जुना म्होरक्या' म्हणून पाहुण्यांना दाखवलं असतं. मरण परवडलं, पण ती खुर्ची नको, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

आणि त्या शरद ऋतूत सांतेरी आला.

सांतेरी गावचा जावई. मिर्वा इथलीच, ताम्पेरेला शिकायला गेली आणि नवरा घेऊन परत आली. तिच्या बापाचं घर रिकामं होतं, तिथे दोघं राहायला लागली. सांतेरी पस्तिशीचा, नीटनेटका, प्रत्येक वाक्याआधी थोडा थांबणारा माणूस. शिकारमंडळात त्याचं उमेदवारीचं वर्ष चालू होतं. वर्षअखेर सभेत हात वर झाले की तो सभासद, नाहीतर नाही. कोर्पिवारात सभासद नसलेल्या पुरुषाशी लोक हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. त्यामुळे बिचारा जिवाचा आटापिटा करत होता.

पहिल्याच दिवशी त्याने आपली रायफल टेबलावर ठेवली. दुकानातून आणलेली, तिच्यावरचा सायलेन्सर चावी फिरवावी तसा पाव फेरीत निघायचा आणि पाव फेरीत बसायचा.

आर्मासने तो हातात घेतला, काढला, बसवला, पुन्हा काढला. "हे काय, जावईबापू? लोणच्याच्या बरणीचं झाकण का?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने इल्पो हसला. तो मंडळाचा चिटणीस होता आणि आर्मास बोलला की हसायचं हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं.

"पंधराचा आटा आहे," सांतेरी म्हणाला. "त्याच्यावर ही झटपट पकड येते. तुमचा सतराचा बसायला मधे एक जोडकडं लागेल. किंवा तुम्ही नळी थोडी कापून सतराचे आटे पाडून दिलेत तर…"

"जोडकडी शहरात वापरतात. जोडकड्यावर जोडकडं, आणि गोळी निघते वाकडी. आणि माझे आटे मागून मिळत नाहीत, पोरा. ते कमवावे लागतात."

"मग कमवीन," सांतेरी म्हणाला. आणि जरा थांबून: "पण एक विचारू? सगळ्यांचे आटे एकच आहेत, मग भोकांचं काय?"

"कसली भोकं?"

"सायलेन्सरची. पातळ गोळीच्या रायफलीवर मोठ्या भोकाचा बसला तर फारसं बिघडत नाही, आवाज थोडा वाढेल. पण उलटं झालं तर? जाड गोळीवर बारीक भोकाचा? आटे तर बसणारच. अडवणारं काहीच नाही. आमच्या क्लबात आटे वेगवेगळे होते, म्हणून चुकीचा बसायचाच नाही."

प्रश्न बरोबर होता. आणि बरोबर प्रश्न नेमका आर्मासच्या डाव्या-उजव्या डोळ्यांच्या मधे येऊन लागला होता.

"या गावात," आर्मास सावकाश म्हणाला, "लोकांना डोळे आहेत. तुमच्याकडे भोकं मोजून बघावी लागत असतील."

"भोकमोज्या!" इल्पो टेबलावर थाप मारून ओरडला.

झालं. त्या दिवसापासून सांतेरीचं नाव भोकमोज्या पडलं. दुकानात, सौनात, वॉकीटॉकीवर. "भोकमोज्या, हाका सुरू कर." "भोकमोज्या, कॉफीत साखर किती, मोजून सांग." तो हसून घ्यायचा. आर्मासने त्याला ठिय्या दिलाच नाही, कुत्र्यामागे हाकाऱ्यांत धाडलं. दलदलीतून, गुडघाभर पाण्यातून, रोज. त्याने तीनदा आट्यांची आठवण करून दिली, आणि तिन्ही वेळा आर्मासने सगळ्यांदेखत त्याला फटकारलं. लेथवर काम करणं आता आपल्याच्याने होणार नाही, हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

एकटा ताइस्तो त्याला सांतेरी म्हणायचा. ताइस्तो लाकडी होड्या बनवायचा, आर्मासहून एका वर्षाने लहान, शाळेपासूनचा जोडीदार. "फार ताणतोस त्याला," तो एकदा आर्मासला म्हणाला.

"तुला पुळका आलाय?"

"मला नाही. पण चालतो बरा. तक्रार करत नाही."

"तक्रार करत नाही त्यांचाच भरवसा नसतो," आर्मास म्हणाला, आणि विषय मिटला.

मिर्वा कायानीत एका कारखान्यात वेल्डरांचे जाड एप्रन शिवायची. तिला नवऱ्याची चाललेली टर दिसत होती. भांडायला जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून ती गोडीने गेली. एप्रनच्या उरलेल्या कापडाची तिने अकरा सायलेन्सरना अकरा गवसण्या शिवल्या. जाड, करड्या, पुढे भोकाच्या काठावर वळवून गोळीपुरती वाट ठेवलेल्या, मागे दोरीने कड्यावर आवळून दुहेरी गाठ मारायच्या. कल्पना चांगली होती: तापलेल्या सायलेन्सरने हात भाजत नाहीत, दुर्बिणीसमोर गरम हवा थरथरत नाही, फांदीला लागून टणटण आवाज होत नाही. शनिवारी दुपारी शिकारघर झाडायची पाळी सांतेरीची होती. त्याने फळी पुसली, अकराही सायलेन्सरना गवसण्या चढवल्या, गाठी पक्क्या मारल्या आणि रांगेत उभे करून ठेवले. घरी जाऊन त्याने मिर्वाला सांगितलं की उद्या बघ, म्हातारा काहीतरी चांगलं बोलेल.

रविवारी सकाळी सात वाजता आर्मास फळीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने मागे हात घातला. हाताला कापड लागलं.

"हे काय आहे?"

"मिर्वाने शिवल्यात," सांतेरी म्हणाला. "सगळ्यांना. मंडळाला भेट."

आर्मासने एक सायलेन्सर पुढे घेतला. अंगठा मागच्या कड्यावर फिरवला. जाड कापड, आवळलेली दोरी, गाठ. खाच नाही, पोचा नाही, खरवडा नाही. दुसरा घेतला. तोही तसाच.

"वा!" तो मोठ्याने म्हणाला. "बाळंतविडा आणलाय जावईबापूंनी! अकरा टोपडी! कोण बाळंत झालं रे?"

हशा पिकला. इल्पोला ठसका लागला. सांतेरी लाल झाला, पण हसला. रांग उभी होती. सगळे हात पुढे करून थांबले होते.

आता एकच वाक्य पुरलं असतं. 'आज ज्याचा त्याने घ्या.' किंवा 'काढा रे ती टोपडी.' अगदी 'भोकं बघून घ्या' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पहिलं बोललं तर म्होरक्याचा मान गेला, दुसरं बोललं तर लोक विचारतील का काढायची, आणि तिसरं तर भोकमोज्याचं वाक्य होतं. ते आर्मासच्या तोंडून मेल्यावरही निघालं नसतं. त्याने वजनाचा अंदाज घेतला, लांबीचा घेतला, आणि वाटायला सुरुवात केली. थट्टा करत करत, नेहमीच्या ऐटीत. इल्पोला दिला. पुढच्याला दिला. ताइस्तोने हात पुढे केला, त्याच्या हातावर ठेवला.

ताइस्तोने बघितलं नाही. बावीस वर्षं आर्मासच्या हातून घेत होता, आजच कशाला बघेल? त्याने तो रायफलीच्या तोंडाशी धरला, चार फेऱ्या दिल्या. घट्ट बसला. नेहमीसारखाच.

आपल्या वळणावरच्या ठिय्यावर बसल्यावर आर्मासच्या हाताला आठवण झाली. हात काही गोष्टी उशिरा सांगतो. ताइस्तोचा सायलेन्सर सगळ्यांत जड असतो, आणि त्याला दिलेला जड नव्हता. जड इल्पोला दिला होता. इल्पोची रायफल पातळ गोळीची. म्हणजे इल्पोकडे मोठं भोक आणि ताइस्तोकडे बारीक.

त्याने वॉकीटॉकी उचलली, बटण दाबलं. दलदलीपलीकडे कुत्रा भुंकायला लागला होता. कुत्रा मूसला रोखून भुंकतो तसा, एका जागी, एका लयीत. सगळे श्वास रोखून ऐकत असणार. बटण दाबलेलं होतं आणि अकरा माणसांच्या कानात त्याच्या श्वासाचा आवाज जात होता.

"म्होरक्या?" इल्पोचा आवाज आला. "बोल की."

"वॉकीटॉकीवर बडबड बंद," आर्मास म्हणाला. "भोकमोज्या, तुझे बूट फार वाजतात. मला इथवर ऐकू येतायत."

त्याने बटण सोडलं. कदाचित हाताची चूक असेल, त्याने स्वतःला सांगितलं. कदाचित मूस ताइस्तोकडे जाणारच नाही. सात ठिय्ये आहेत. शक्यता किती!

मूस ताइस्तोकडेच गेला.

सायलेन्सर लावलेल्या रायफलीचा आवाज जड पोतं फेकल्यासारखा येतो. हा तसा नव्हता. हा फाटका होता, पत्रा तुटल्याचा, आणि त्यामागोमाग माणसाचा. मग वॉकीटॉकीवर सांतेरी: "ताइस्तोचा हात! सायलेन्सर फुटला! गाडी आणा, कुणीतरी गाडी आणा!" त्याचा आवाज चिरकला होता, पण शब्द नीट होते.

इल्पोच्या चारचाकी मोटरसायकलवर मागे बसून आर्मास तिथे पोचला. मूस केव्हाच निघून गेला होता, त्याला खरचटलंही नव्हतं. ताइस्तो शेवाळावर आडवा होता. इथले सायलेन्सर मागे नळीवरून थेट डाव्या हातापर्यंत येतात. नळकांडं बाजूला फाटलं ते त्या हातावरच. पहिली दोन बोटं नव्हती. सांतेरीने आपल्या पट्ट्याने मनगट आवळलं होतं, हात वर धरला होता आणि तो त्याच्याशी सतत बोलत होता. होडीबद्दल काहीतरी विचारत होता, शुद्ध राहावी म्हणून. मग ताइस्तोने उत्तर देणं थांबवलं. इल्पो रुग्णवाहिकेला वाट दाखवायला पळाला, सांतेरी फांद्यांची झोळी करायला कुऱ्हाड आणायला गेला.

आर्मास गुडघ्यांवर बसला आणि शेवाळ चाचपू लागला. त्याला मागचं कडं हवं होतं. हाताला तुकडे लागले, गरम, धारदार; एकाने तळवा कापला. मग कडं मिळालं. कापड जळून गेलं होतं. त्याने अंगठा फिरवला. एक खाच.

त्याने पुन्हा फिरवला. दोन होतात का बघितलं. एकच. त्याने कडं नाकाला लागेल इतकं डोळ्यांजवळ धरलं, एका बाजूला मान कलती करून, कडेच्या नजरेने. मग तो उठला, चार पावलं गेला आणि त्याने ते दलदलीच्या काळ्या पाण्यात टाकलं. ताइस्तो बेशुद्ध होता, दुसरं कुणी नव्हतं, असं त्याला वाटलं. ताइस्तोचे डोळे सताड उघडे होते आणि तो मान वळवून सगळं बघत होता, हे आर्मासला दिसलं नाही.

पोलीस आले, टाचणं घेतली. आर्मासने शांतपणे सांगितलं: आदल्या दिवशी एका उमेदवाराने मंडळाला न विचारता सगळ्या सायलेन्सरवर कापडं चढवली, खुणा झाकल्या, भोकांचे काठसुद्धा झाकले. अदलाबदल झाली. असं बावीस वर्षांत कधी झालं नव्हतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पोलिसांनी 'अपघात' लिहिलं आणि गेले.

गावाने मात्र दुसरं लिहून घेतलं. सांतेरी दुकानात शिरला की बोलणं थांबायचं. मिर्वाच्या शाळेतल्या मैत्रिणीने रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरली. कुणीतरी त्यांच्या दाराच्या मुठीला एक करडी गवसणी दुहेरी गाठ मारून बांधून ठेवली. मिर्वाने शिवणयंत्रावर चादर टाकली ती काढलीच नाही. सांतेरी दर आठवड्याला इस्पितळात जायचा. ताइस्तो काही बोलायचा नाही, पण जा असंही म्हणायचा नाही. आर्मास एकदाही गेला नाही. गाडी नव्हती ना! त्याने इल्पोबरोबर कॉफीची पुडी पाठवली.

त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. रात्री उशाशी ताइस्तोची किंकाळी यायची, आणि तो उठून बसायचा. पण सकाळी दाढी करताना त्याला दुसरंच सुचायचं: सांतेरी गेला पाहिजे. तो असला तर तो प्रश्न असणार. प्रश्न गेला की सगळं पुन्हा पूर्वीसारखं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, बारा वाजता, गावच्या सभागृहात वर्षाची सभा भरली. बाहेर ताजा बर्फ, वर ऊन. आर्मास टेबलाच्या टोकाला अध्यक्ष म्हणून बसला, समोर खिडक्या, आणि खिडक्यांपुढे दहा सभासद. त्याच्यासाठी ते पांढऱ्या उजेडातले दहा काळे ढीग होते. त्याने आवाजांवरून कोण कुठे बसलंय हे पक्कं केलं होतं. ताइस्तो डावीकडून दुसरा. आल्यापासून एकदा खोकला होता. सांतेरी दाराजवळ एकटा, भिंतीला लागून.

वाटाण्याचं सूप झालं, हिशेब वाचून झाले. मग आर्मासने घसा साफ केला.

"आता तो विषय. मी फार बोलणार नाही. एका माणसाला आपण उमेदवारी दिली. त्याने आपली पद्धत समजून घेण्याआधी ती सुधारायला घेतली. त्याचं फळ ताइस्तो भोगतोय. माझा कुणावर राग नाही. पण जंगलात अशा माणसाला माझ्या लोकांच्या जवळपास मी उभं करणार नाही. सांतेरी, काही बोलायचंय?"

दाराजवळून सांतेरीचा आवाज आला: "नाही. कापडं मीच चढवली. मी सांगायला हवं होतं."

"ऐकलंत. त्याची उमेदवारी रद्द करावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

आर्मासने कान दिला. एक खुर्ची करकरली. कुणाच्या तरी जाकिटाची बाही सळसळली. बस, एवढंच, पण हात वर करायला आवाज कितीसा लागतो? त्याने डावीकडून उजवीकडे मान फिरवली, मोजणाऱ्या माणसाने फिरवावी तशी, कुठेही घाई न करता.

"दहा," तो म्हणाला. "एकमताने. लिही, इल्पो."

पेनाचा आवाज आला नाही.

"इल्पो, लिही म्हटलं ना. दहा."

"काय लिहू?" इल्पो म्हणाला. त्याचा आवाज विचित्र होता, हसू दाबल्यासारखा किंवा रडू. "आर्मास… एकही हात वर नाहीये."

शेगडीत लाकूड तडकलं.

"खिडकीचा उजेड," आर्मास म्हणाला. "डोळ्यांवर येतोय. मुद्दाम पडदे उघडे ठेवलेत तुम्ही."

"हो, मुद्दाम," ताइस्तो म्हणाला. तो उठला. त्याची पावलं टेबलाच्या कडेने आली आणि आर्मासच्या अगदी समोर थांबली. "आता मी उजेडाच्या आड उभा आहे. आता सावली आहे तुझ्या तोंडावर. ही बघ. किती बोटं आहेत?"

आर्मासच्या समोर काहीतरी धरलेलं होतं. मधला डाग आणि डागाभोवती धुकं. पण आर्मास मूर्ख नव्हता. दोन बोटं गेली हे सगळ्या गावाला माहीत होतं. पाचातून दोन गेली.

"तीन," तो म्हणाला. आणि आवाज खाली आणून: "ताइस्तो, मला फार वाईट वाटतं रे."

"हा उजवा हात आहे," ताइस्तो म्हणाला. "पाच आहेत."

इल्पोला हसू फुटलं. त्याने तोंडावर हात दाबला, पण तोवर दुसरं कुणीतरी हसलं होतं, मग तिसरं, आणि मग सगळं सभागृह. आनंदाचं हसू नव्हतं ते. पण हसू होतं, आणि बावीस वर्षं ते ज्याच्या इशाऱ्यावर निघायचं त्याच्यावर आता निघत होतं. ताइस्तो एकटा हसत नव्हता.

"एका वाक्यात काम होतं," तो म्हणाला. "'मला दिसत नाही, बाबांनो', एवढंच. मी स्वतः तुझ्या जागी उभा राहून सायलेन्सर वाटले असते आणि तुझंच नाव सांगितलं असतं. बावीस वर्षं, आर्मास. आणि तू कडं नाकाशी धरून चाचपलंस आणि पाण्यात टाकलंस. मी बघत होतो, आणि यांना सगळं सांगितलं."

आर्मास उठला. खुर्ची मागे पडली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, काहीतरी झणझणीत, त्याला नेहमी सुचायचं तसं. पण तो दाराकडे निघाला. हे सभागृह त्याला पाठ होतं, पण पाठ असायला डोकं थंड लागतं. तो बाकाला अडखळला, भिंतीला हात लावला, आणि भिंतीवरून हात फिरवत चालू लागला. दाराच्या उलट्या दिशेने. फळी, जुना फोटो, खिडकीची चौकट. हात खिडकीच्या काचेवर गेला आणि तिथे मूठ शोधू लागला.

हसणं थांबलं. सगळे बघत होते. दार कुठे आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सांतेरी उठला. दोन पावलं पुढे आला, हात पुढे केला, त्याला धरून वळवायला.

"बस खाली, सांतेरी," ताइस्तो म्हणाला. "आता तू आमच्यातला आहेस."

सांतेरीने त्याच्याकडे बघितलं. मग बाकीच्या नऊ जणांकडे. कुणीतरी त्याच्यासाठी बाकावर सरकून जागा करत होतं. आर्मास काचेवर दोन्ही हात फिरवत होता, आधी वर, मग खाली.

सांतेरी जाऊन त्या जागेवर बसला.